शाळकरी मुलांसाठी स्मृती काव्यस्पर्धा कशी घ्यावी

कुणाच्या स्मरणार्थ मुलांची काव्यस्पर्धा घ्यायची ठरली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "विषय त्यांच्यावरच ठेवू." स्पर्धा इथेच फसते. ज्या माणसाला मुलांनी कधी पाहिलं नाही, त्याच्यावर लिहायला सांगितलं की 'थोर', 'महान', 'प्रेरणास्थान' अशा शब्दांच्या आरत्या गोळा होतात आणि परीक्षकाला एकीतून दुसरी ओळखता येत नाही. स्मरण स्पर्धेच्या नावात राहू द्या. कविता मुलाची असू द्या.

विषय त्या व्यक्तीच्या आयुष्यातूनच काढायचा, पण एखाद्या वस्तूपर्यंत, प्रसंगापर्यंत खाली आणायचा. ग्रंथपालाच्या स्मरणार्थ स्पर्धा असेल तर 'वाचनाचे महत्त्व' नको. 'परत न केलेलं पुस्तक' द्या. माळीकाम करणाऱ्याच्या नावाने असेल तर 'पाणी घालायचं राहून गेलेलं झाड'. 'पर्यावरण' किंवा 'माझी आई' दिलंत तर पाठ्यपुस्तकातल्याच ओळी थोड्या फिरवून तुमच्याकडे परत येतील. दोन विषय पुरेत. सोबत त्या व्यक्तीची १०० ते १५० शब्दांत ओळख द्या: काय काम करत, कशात रमत. विशेषणं गाळा.

कुटुंबीयांची लेखी संमती आधी घ्या आणि ही ओळख त्यांना वाचून दाखवा. परीक्षणात मात्र त्यांचा सहभाग नसेल, हेही त्याच भेटीत सांगा. नंतर सांगायला फार जड जातं.

स्मरण एखाद्या विद्यार्थ्याचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या वर्गातली मुलं अजून दुःखात असतात. त्यांना मृत्यूवर लिहायला लावू नका, विषय मोकळा ठेवा. भावंडांनी किंवा जिवलग मित्रांनी लिहिलंच, तर ते स्पर्धेबाहेर, गुण न देता स्वीकारा. त्या कवितेला ५० पैकी ३१ देण्याची वेळ कुणावर येऊ नये.

वेळापत्रक आणि गट

स्मृतिदिनापासून मागे मोजत या. एकूण १० आठवडे धरा: तयारीला २, कविता येण्यासाठी ४, नोंदणी आणि छाननीला १, परीक्षणाला २, प्रमाणपत्रं आणि समारंभाच्या तयारीला १. परीक्षांच्या आसपासची मुदत ठेवू नका. गट तीन करा: तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी. तिसरीतल्या मुलाची चार ओळींतली गंमत आणि नववीतल्या मुलीची घुसमट एका तागडीत तोलता येत नाही. मर्यादा शब्दांत न देता ओळींत द्या: लहान गटाला १२, मधल्याला १६, मोठ्याला २४. एका मुलाची एकच कविता.

यमक सक्तीचं नाही, हे आवाहनात ठळक लिहा. नाहीतर 'झाड'ला 'द्वाड' जोडण्यासाठी बिचारं झाड विनाकारण खोड्या काढू लागतं. कुणी अष्टाक्षरीत (ओळीत आठ अक्षरं) लिहिलं तर परीक्षकाने अक्षरं मोजावीत, पण जोडाक्षर एकच धरावं: 'पुस्तक' म्हणजे पु-स्त-क, तीन अक्षरं.

कविता घेताना

तीन कागद मागवा. पहिल्यावर फक्त कविता. दुसऱ्यावर नाव, इयत्ता, शाळा, पालकांचा फोन, 'ही कविता माझी आहे' असं निवेदन आणि प्रसिद्धीसाठी पालकांची सही. तिसरा कागद कच्चा खर्डा, खाडाखोडीसकट. हा तिसरा कागद बहुतेक ठिकाणी कुणी मागत नाही आणि मग उसन्या कवितांवर डोकं धरून बसावं लागतं.

आलेल्या प्रत्येक कवितेला सांकेतिक क्रमांक द्या, उदाहरणार्थ 'ब-०१७'. तोच नावाच्या कागदावर लिहा, वहीत नोंदवा आणि नावाचे कागद वेगळ्या पाकिटात बंद करा. तरीही नाव डोकावतं. मुलांनी अभंगात 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' वाचलेलं असतं, म्हणून तीही शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफतात. परीक्षकांच्या प्रतीत तिथे फक्त टिंबं द्या. शाळेचा शिक्का, लेटरहेडही झाका.

सुवाच्य अक्षराला नकळत जास्त गुण पडतात, त्यामुळे परीक्षकांसाठी सगळ्या कविता एकाच टाइपात उतरवून घ्या. ओळी जिथे तुटल्यात तिथेच तुटू द्या. ऱ्हस्व-दीर्घही सुधारू नका. टाइप करून पाठवणाऱ्यांना युनिकोडच वापरायला सांगा. जुन्या फाँटमधली कविता दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती अगम्य चिन्हं दिसतात.

परीक्षण

परीक्षक तीन असावेत: एक कविता लिहिणारा, एक त्या वयाच्या मुलांना शिकवणारा आणि एक नुसता चांगला वाचक. सहभागी शाळांतला कुणी नको. एका कवितेला किमान ३ मिनिटं लागतात, म्हणजे २०० कवितांना १० तास. एवढं सलग वाचलं की शेवटच्या पन्नास कवितांवर अन्याय होतोच. म्हणून आधी दोघांनी चाळून प्रत्येक गटातल्या साधारण ३० ठेवाव्यात. दोघांपैकी एकानेही 'राहू द्या' म्हटलं तर कविता राहते.

५० गुणांची वाटणी अशी चालते: स्वतःचं निरीक्षण वा अनुभव २०, शब्द आणि प्रतिमा १५, लय आणि रचना १०, विषयाशी नातं ५. सुरुवातीला त्याच पाच कविता तिघांनी स्वतंत्र तपासून गुण समोरासमोर ठेवावेत. कोण सढळ, कोण कंजूष, लगेच कळतं.

आता खरी मेख. नुसत्या गुणांची बेरीज करू नका. समजा दोन कविता शेवटपर्यंत आल्या. पहिल्या परीक्षकाने 'क'ला ३४, 'ख'ला ३३ दिले. दुसऱ्याने ३५ आणि ३४. तिसऱ्याने २२ आणि ४०. बेरीज 'क' ९१, 'ख' १०७. तिघांपैकी दोघांना 'क' सरस वाटली, तरी 'ख' जिंकली, कारण एकाच्या गुणांमधलं अंतर फार मोठं. त्याऐवजी प्रत्येकाने दिलेले क्रमांक मिळवा: 'क' १+१+२ म्हणजे ४, 'ख' २+२+१ म्हणजे ५. कमी बेरीज पुढे. मतं फारच लांब असली तर तिघांनी बसून ती कविता मोठ्याने वाचावी आणि मगच क्रमांक पक्के करावेत.

कविता मोठ्या माणसाने किंवा यंत्राने लिहिल्याचा संशय आला तर शिक्का मारू नका. पाचवीतल्या मुलाला 'क्षणभंगुर' शब्द माहीत असू शकतो, आणि यंत्रलेखन ओळखणाऱ्या साधनांचा भरवसा धरता येत नाही. दोन ओळी अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा, खर्डा पाहा, मग आयोजकांनी मुलाशी दहा मिनिटं गप्पा माराव्यात: "कुठली ओळ आधी सुचली? काय खोडलंस?" ज्याने लिहिलंय तो खोडलेल्या ओळीबद्दल भरभरून बोलतो.

एखाद्या कवितेत घरातली मारहाण, स्वतःला इजा करून घेण्याचे विचार असं काही दिसलं तर ती केवळ साहित्य म्हणून वाचून पुढे जाऊ नका. अशा वेळी कोण बोलणार, शाळेतल्या समुपदेशकापर्यंत कोण पोचणार, हे आधीच ठरलेलं असावं. परीक्षक त्याच दिवशी कवितेचा सांकेतिक क्रमांक कळवतील, पाकीट आयोजक उघडतील. ती कविता मंचावर वाचली जाणार नाही.

बक्षीस आणि वाचन

गटागणिक तीन क्रमांक, दोन उत्तेजनार्थ. अंतिम फेरीतल्या प्रत्येक मुलाला परीक्षकाची एक ओळ लिहून द्या: "पाचव्या ओळीतला चप्पलचा आवाज आवडला." 'छान प्रयत्न' नको. प्रमाणपत्रावरची नावं छापण्यापूर्वी फोनवर पडताळा; घोळ सर्वांत जास्त इथेच होतो.

समारंभ सव्वा तासात आटपा, भाषणं ५ मिनिटांची. विजेत्यांना कविता पाठ करायला लावू नका. १६ पॉइंटात छापलेला कागद हातात द्या. ज्याला वाचायचं नसेल, त्याची कविता दुसरं मूल वाचेल. माइकचा दांडा खाली होतो का, ते सकाळीच बघा. पुस्तिका काढणार असाल आणि ती मध्ये पिना मारून बांधायची असेल तर पानं चारच्या पटीत बसवा, आणि मुलाचं फक्त नाव-इयत्ता छापा. छापताना शुद्धलेखन सुधारायचं तर त्याला विचारून. 'पाऊस'चा 'पाउस' त्याने मुद्दाम केलेला असू शकतो.