यकृताच्या आजारांवर संशोधन करताय? आधी या चुका टाळा

यकृताच्या जुनाट आजारांवर किंवा यकृताच्या कॅन्सरवर पहिलाच अभ्यास करणारे डॉक्टर माझ्याकडे डेटा घेऊन येतात, तेव्हा बहुतेकांची मागणी एकच असते. शीट तयार आहे, फक्त पी-व्हॅल्यू, म्हणजे दिसलेला फरक योगायोगाचा आहे का ते जोखणारा आकडा, काढून द्या. पी-व्हॅल्यू काढायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो शीटमधला आकडा नेमका कोणत्या दिवशीचा आणि रुग्णाच्या कोणत्या अवस्थेतला, हे शोधण्यात. सिरॉसिसचा, म्हणजे तंतू साचून यकृत निबर झालेला रुग्ण महिन्याभरात बदलतो. आज पोटात पाणी नाही, पुढच्या भेटीत पोट टम्म. आज बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा रक्तातला आकडा) २, मध्ये एखादा संसर्ग झाला की ८. अशा आजारात तारखेशिवाय लिहिलेला आकडा निरुपयोगी असतो. तरीही शीटमागून शीट येते आणि त्यात ‘चाइल्ड-प्यू : बी’ (सिरॉसिसची तीव्रता ए, बी, सी अशी सांगणारी वर्गवारी) एवढंच लिहिलेलं असतं. कधीचा बी, ते कुणालाच माहीत नसतं.

घड्याळ भलत्याच ठिकाणी सुरू करणं

रुग्णाचा काळ चुकीच्या दिवसापासून मोजणं ही सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

एका गटाने केमोएम्बोलायझेशन, म्हणजे टीएसीई (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडण्याचा उपचार) झालेल्या रुग्णांच्या जुन्या फायलींवर अभ्यास केला होता. निष्कर्ष डोळे दिपवणारा होता. एकदाच टीएसीई झालेल्यांपेक्षा तीन किंवा जास्त वेळा टीएसीई झालेले रुग्ण कितीतरी जास्त जगले होते. आलेखातल्या दोन रेषा पहिल्याच महिन्यापासून लांब लांब. वारंवार टीएसीई केल्याने आयुष्य वाढतं, असा दावा शीर्षकातच होता आणि परिषदेला सारांश पाठवायची मुदत तोंडावर आली होती.

मी विचारलं, तिसऱ्या टीएसीईपर्यंत पोचायला काय लागतं? उत्तर सोपं आहे. तोवर जिवंत असावं लागतं. पहिल्या टीएसीईनंतर पाच आठवड्यांत दगावलेला रुग्ण ‘तीन किंवा जास्त’ या गटात जाऊच शकत नाही, तो आपोआप ‘एकदाच’च्या गटात पडतो. म्हणजे एका गटाला सुरुवातीचे काही महिने मृत्यूपासून अभय होतं आणि ते महिने उपचाराच्या श्रेयात धरले गेले होते. याला इम्मॉर्टल टाइम बायस म्हणतात. शिवाय इथे आणखी एक गोम होती. पहिल्या टीएसीईनंतर ज्यांना कावीळ झाली किंवा जलोदर झाला, त्यांना दुसरा टीएसीई डॉक्टरांनीच नाकारला होता, आणि ते बरोबरच होतं. टीएसीई किती वेळा झाली यावरून यकृतात किती ताकद शिल्लक होती तेवढंच कळत होतं.

आम्ही सहा महिन्यांवर खूण केली. त्या दिवशी जिवंत असलेलेच रुग्ण घेतले, तोवर किती टीएसीई झाले त्यावरून गट पाडले आणि घड्याळ तिथून पुढे चालवलं. रेषा जवळजवळ एकमेकींवर येऊन बसल्या. उरलेला थोडा फरक चाइल्ड-प्यू हिशेबात धरल्यावर गेला. तेव्हा मुख्य लेखकाने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही : ‘खूण तीन महिन्यांवर घेतली तर फरक दिसेल का?’ दिसेलही. पण फरक दिसेपर्यंत खूण सरकवत राहणं हे संशोधन नव्हे. खुणेचा दिवस डेटा उघडण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही.

ही काही नव्याने कळलेली गोष्ट नाही. हृदयप्रत्यारोपणाच्या आकडेवारीतला असाच गोंधळ सोडवायची रीत मँटेल आणि बायर यांनी १९७४ मध्ये मांडली. ट्यूमरने प्रतिसाद दिलेले आणि न दिलेले अशी तुलना कशी करावी, हे सांगणारा अँडरसन आणि सहकाऱ्यांचा लँडमार्क पद्धतीवरचा, म्हणजे वर सांगितलेल्या खुणेच्या पद्धतीवरचा लेख १९८३चा आहे. तरीही ‘प्रतिसाद मिळालेले रुग्ण जास्त जगले’ हे वाक्य शून्य दिवसापासूनच्या आलेखासह आजही माझ्यापुढे येतं.

घड्याळाचा गोंधळ मोठ्या प्रश्नातही घुसतो. हिपॅटायटिस सीवरची थेट विषाणूंवर काम करणारी औषधं आली, त्यानंतर २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या एका गटाने लिहिलं की कॅन्सरवर यशस्वी उपचार झालेल्या ५८ रुग्णांना ही औषधं दिल्यावर १६ जणांत कॅन्सर परतला. बातमी धडकी भरवणारी होती. पण त्यात औषध न घेतलेल्यांचा तुलनागट नव्हता आणि कॅन्सरवरचा उपचार संपल्यापासून औषध सुरू होईपर्यंतचा काळ रुग्णागणिक वेगळा होता. त्याच वर्षी फ्रान्समधल्या एएनआरएस या संशोधन संस्थेच्या रुग्णसमूहांच्या विश्लेषणात असा वाढीव धोका दिसला नाही. मूळ गटाने धोक्याची घंटा वाजवली यात गैर काही नाही. मला राग येतो तो ती घंटा सिद्ध झालेली गोष्ट म्हणून थीसिसच्या प्रस्तावनेत उतरवून काढणाऱ्यांचा.

तपासणी मोहिमांच्या अभ्यासातही हेच. सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली की कॅन्सर लवकर सापडतो, मग निदानापासून मोजलेलं आयुष्य लांब दिसणारच, मृत्यूची तारीख एका दिवसानेही पुढे गेली नसली तरी. म्हणून शांघायची २००४ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मला मोलाची वाटते. १८,८१६ लोक, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडलेले, आणि मोजमाप यकृताच्या कॅन्सरने झालेल्या मृत्यूंचं. निदानानंतरच्या महिन्यांचं नाही. मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. तिच्या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते वाचावेत, पण निदान घड्याळ तरी सगळ्यांचं एकाच दिवशी सुरू झालं होतं.

माझी सवय सांगते. विश्लेषणाआधी शीटमधले थोडे रुग्ण उचलायचे आणि कोऱ्या कागदावर प्रत्येकाची एक आडवी रेघ ओढायची. रेघेवर निदानाची तारीख, अभ्यासाच्या निकषात बसल्याची तारीख, उपचार सुरू झाल्याची तारीख आणि शेवटची भेट किंवा मृत्यू. या खुणा करताना हात कुठे अडखळतो ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. एवढा धीर नसेल तर सॉफ्टवेअर उघडूच नये.

फायब्रोस्कॅनचा आकडा म्हणजे फायब्रोसिस, असं समजणं

फायब्रोसिस म्हणजे यकृतात तंतू साचणं. फायब्रोस्कॅनचं यंत्र मात्र यकृताचा कडकपणा मोजतं. कडकपणा तंतूंमुळे येतो, तसाच सुजेमुळे, पित्तमार्ग तुंबल्यामुळे, हृदय कमजोर होऊन यकृतात रक्त साचल्यामुळे आणि नुकतंच पोटभर खाल्ल्यामुळेही येतो.

हिपॅटायटिस बीच्या एका अभ्यासात औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांत कडकपणा झपाट्याने उतरला होता. ‘फायब्रोसिस माघारी गेला’ असं मसुद्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं. मी एएलटीचा (यकृताची सूज दाखवणाऱ्या रक्तातल्या एन्झाइमचा) रकाना मागितला. तो शीटमध्ये नव्हताच, कारण ‘आमचा विषय फायब्रोसिस आहे.’ फायलींमधून काढून आणल्यावर दिसलं की पहिल्या मोजणीच्या वेळी बऱ्याच जणांचं एएलटी वरच्या मर्यादेच्या पाचपट आणि त्याहून जास्त होतं. उतरली होती ती सूज. तंतूंचं काय झालं हे त्या डेटाला सांगता येणारच नव्हतं. इतक्या चांगल्या रुग्णसमूहाचं चीज झालं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. सूज ओसरल्यावरची एक मोजणी हाताशी असती तर पुढचा सगळा अभ्यास तिच्यावर उभा राहिला असता.

म्हणून माझ्या फॉर्ममध्ये कडकपणाच्या रकान्याला कायम शेजारी असतात : शेवटचं खाणं किती वाजता (किमान तीन तास पोट रिकामं हवं), त्याच आठवड्यातलं एएलटी आणि बिलिरुबिन, कोणता प्रोब, १० मोजण्या वैध मिळाल्या का, आणि आयक्यूआर भागिले मध्यक (मोजण्या एकमेकींपासून किती विखुरल्या ते) ३० टक्क्यांच्या आत आहे का. शेवटचे दोन आकडे यंत्राच्या छापील कागदावर असतात. लोक मधला एक किलोपास्कलचा आकडा उतरवतात आणि कागद टाकून देतात. कृपा करून तो कागद जपा.

मर्यादा उचलतानाही जपून. बावेनो-७ या तज्ज्ञांच्या शिफारशींनी सुचवलेला २५ किलोपास्कलचा आकडा, ज्याच्यापुढे पोर्टल दाब (यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतला दाब) धोकादायक पातळीला गेल्याचं धरता येतं, तो विषाणूजन्य आजार, मद्यजन्य आजार आणि लठ्ठपणा नसलेल्या रुग्णांतला चरबीमुळे झालेला आजार यांच्यासाठी आहे. तो सरसकट सगळ्यांना लावलेला पाहते तेव्हा कळतं की मूळ मजकूर कुणी वाचलेला नाही, कुणाच्या तरी स्लाइडवरून उतरवलेला आहे.

बायोप्सी केली म्हणजे सुटलो, असंही नाही. सुईत येतो तो यकृताचा सुमारे ५०,००० वा भाग. तुकड्याची लांबी आणि त्यातल्या पोर्टल ट्रॅक्टची, म्हणजे रक्तवाहिन्या आणि पित्तनलिकांच्या जुडग्यांची संख्या (११ किंवा जास्त हव्यात) नोंदवलेली नसेल तर त्या ‘सुवर्णमानका’वर विसंबू नका.

एककं

वय आणि रक्ततपासणीवरून फायब्रोसिसचा अंदाज देणाऱ्या फिब-४चं सूत्र : (वय गुणिले एएसटी, हे एएलटीसारखंच एन्झाइम) भागिले (प्लेटलेट, हजारांत, गुणिले एएलटीचं वर्गमूळ). वय ६०, एएसटी ८०, एएलटी ६४, प्लेटलेट १२०, तर उत्तर ५. पण प्लेटलेट एका रिपोर्टवर १२०, दुसऱ्यावर १,२०,००० आणि तिसऱ्यावर १.२ लाख अशा येतात. १.२ भरलं तर उत्तर ५०० येतं आणि कुणाच्या तरी नजरेत भरतं. १,२०,००० भरलं तर ०.००५ येतं, आणि तो सिरॉसिसचा रुग्ण गुपचूप १.३च्या खाली, ‘धोका नाही’ या गटात जाऊन बसतो. म्हणून फक्त मोठे आकडे तपासून भागत नाही, सगळ्यात लहान वीस आकडेही डोळ्यांखालून घाला.

बिलिरुबिन मायक्रोमोलमध्ये असेल तर १७.१ ने भागा, क्रिएटिनिन ८८.४ ने. हे न करता मेल्ड (यकृत किती बिघडलं ते सांगणारा गुणांक) काढू नका.

फिब-४ मुळात २००६ मध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांत बेतलेलं सूत्र आहे. पस्तिशीच्या आत ते फारसं भरवशाचं नाही, पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात.

कॅन्सर आणि सिरॉसिस वेगळे मोजायचे विसरणं

यकृताच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांना दोन आजार असतात, आणि त्यातला कोणताही आधी जीव घेऊ शकतो. कॅन्सर परतण्याचं प्रमाण काढताना यकृत निकामी होऊन गेलेल्यांना आणि प्रत्यारोपण झालेल्यांना नुसतं ‘सेन्सॉर’ केलं, म्हणजे पुढची माहिती नाही असं धरून मोजणीतून वगळलं, की काप्लान-मायरची (काळानुसार प्रमाण दाखवणारी) रेषा फुगते. कारण गेलेल्या माणसाचा कॅन्सरही पुढे, मागे राहिलेल्यांइतक्याच प्रमाणात, परतू शकला असता, असं ती गृहीत धरते. स्पर्धक धोक्यांचा, म्हणजे एक घडला की दुसरा घडूच शकत नाही अशा धोक्यांचा हिशेब करा. फाइन आणि ग्रे यांची पद्धत १९९९ पासून आहे आणि बहुतेक प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये मिळते.

याचंच दुसरं टोक म्हणजे आपल्या रुग्णांचे निकाल मोठ्या चाचण्यांशी लावून बघणं. २००८च्या शार्प चाचणीत सोराफेनिब हे कॅन्सरचं औषध घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य १०.७ महिने आणि प्लासिबोवाल्यांचं ७.९ होतं. त्यातले जवळजवळ सगळे चाइल्ड-प्यू ए, म्हणजे यकृत बऱ्यापैकी चालणारे होते. २०२० च्या आयएमब्रेव्ह-१५० या चाचणीतही चाइल्ड-प्यू एच घेतले होते, आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा आधी एंडोस्कोपीने तपासून. अर्धे रुग्ण बी असलेल्या वॉर्डचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवून ‘औषध आमच्याकडे कमी चालतं’ असं लिहिणं हा औषधावर अन्याय आहे, आणि त्याहून जास्त त्या रुग्णांवर.

चाइल्ड-प्यू काढायचा तर अल्ब्युमिनची बाटली किंवा प्लाझ्मा चढवण्याआधीच्या रक्तावरून. लघवीच्या गोळ्यांनी आटोक्यात ठेवलेला जलोदर ‘नाही’ असा लिहू नका.

टीएसीईनंतर प्रतिसाद साध्या आकाराने मोजायचा की एमरेसिस्टने, म्हणजे गाठीचा फक्त जिवंत भाग मोजून, ते आधी ठरवा. गाठ मरते, तरी तिचा आकार तेवढाच राहू शकतो.

निरोगी माणसांशी तुलना

नवा बायोमार्कर, म्हणजे आजार ओळखू पाहणारी खूण, ‘अचूकता थक्क करणारी’. एका बाजूला दहा सेंटीमीटरच्या गाठी, दुसऱ्या बाजूला रक्तदान शिबिरातले तरुण. एवढा फरक तर रुग्णाकडे पाहूनही कळतो. खरा प्रश्न सिरॉसिसच्या शंभर रुग्णांतल्या कुणाला लहान गाठ आहे हा आहे, तेव्हा तुलनागटही कॅन्सर नसलेल्या सिरॉसिसच्या रुग्णांचाच हवा. एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठी तपासला जाणारा रक्तातला घटक) हिपॅटायटिस भडकल्यावरही चढतो, आणि लवकरच्या अवस्थेतल्या कितीतरी कॅन्सरमध्ये तो वाढतच नाही. ज्या डेटावरून मर्यादा शोधली, त्याच डेटावर ती तपासून पाठ थोपटून घेऊ नका. आणि स्कॅनमध्ये दिसणाऱ्या गाठींची लाय-रॅड्स ही वर्गवारी सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी अशा जोखमीच्या रुग्णांसाठी बेतलेली आहे, निरोगी यकृतात सापडलेल्या गाठीला ती लावायची नसते.

संमती

हे शेवटी आलं असलं तरी कमी महत्त्वाचं नाही. यकृत बिघडलेल्या माणसाचा मेंदू मंदावतो आणि सुरुवातीला ते दिसतही नाही. तो मान हलवतो, सही करतो. तासाभराने विचारलं तर कशावर सही केली ते सांगता येत नाही. घाईतला संशोधक ती सही फायलीत लावतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. मला हे सहन होत नाही.

सही घेण्याआधी रुग्णाला एका मिनिटात आठवतील तितक्या प्राण्यांची नावं सांगायला सांगा. ही चाचणी एन्सेफॅलोपथीसाठी, म्हणजे यकृतामुळे मेंदू मंदावण्यासाठी तपासलेली आहे आणि तिला घड्याळाशिवाय काही लागत नाही. मग अभ्यासात काय होणार आहे ते त्याच्याच शब्दांत परत विचारा. अडखळला तर त्या दिवशी सही नको. सोबतच्या नातेवाइकाला सगळं समजावून सांगा, लॅक्टुलोज या औषधाने रुग्ण ताळ्यावर आल्यावर पुन्हा जा, आणि संमतीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा. पुढे उपचार चालू असताना एन्सेफॅलोपथीचा झटका येऊन गेला, तर तो सावरल्यावर त्याला अभ्यासात राहायचं आहे का हे नव्याने विचारायचं. ते कुणी आणि कोणत्या दिवशी विचारायचं, तेही प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवा.