एसएसला (स्टेनलेस स्टीलला) ड्रिल मारताना हात हलका ठेवू नका: बोअरिंगआधीच्या या चुका टाळा

ऊस गाळपाचा हंगाम जवळ आला की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या लहान वर्कशॉपमध्ये साखर कारखान्यांची पंपाची कामं येऊ लागतात. 304 जातीच्या एसएसची स्लीव्ह (नळी), आत 25 मिमीचं एच7 (अगदी कमी सूट असलेल्या मापाचं) बोअर: लेथवर आधी ड्रिलनं 22 मिमीचं भोक, मग बोअरिंग, म्हणजे टूलनं आतून कापत 25 पर्यंत. तक्रार ठरलेली: "ड्रिल निम्म्यात गेलं आणि पुढं सरकेचना." मग शिव्या मटेरिअलला.

मिस्त्री सांगतात, "एसएस आहे, जपून." नवा पोरगा मग टेलस्टॉकचं (लेथवर ड्रिल धरून पुढं सरकवणाऱ्या भागाचं) चाक अगदी हळू फिरवतो, मध्येच थांबून बघतो. सगळा घोळ इथंच होतो. 304 वर धार कापायची सोडून नुसती घासली, की तेवढा थर कडक होतो आणि पुढच्या फेरीत ड्रिलला तोच कापावा लागतो. जपायचं ते स्पीडमध्ये (फिरण्याच्या वेगात), फीडमध्ये (ड्रिल पुढं सरकवण्यात) नव्हे.

आकड्यात बघा. 22 मिमीच्या एचएसएस (हाय-स्पीड स्टीलच्या) ड्रिलला 200 आरपीएम ठेवले तर कटिंग स्पीड मिनिटाला 14 मीटरच्या आसपास येतो, तो ठीक आहे. फेरीला 0.2 मिमी फीड धरलं तर ड्रिल मिनिटाला 40 मिमी पुढं जायला हवं. टेलस्टॉकच्या चाकाची एक फेरी 5 मिमीची असेल, तर मिनिटाला आठ फेऱ्या. एकदा घड्याळ लावून फिरवून बघा, बहुतेकांचा हात याच्या निम्म्यानंही चालत नाही.

दुसरी खोड पायऱ्या-पायऱ्यांनी भोक वाढवायची: 6, मग 10, 14, 18... माइल्ड स्टीलला चालून जातं. एसएसमध्ये दर वेळी ड्रिलची फक्त कोपऱ्याची धार कडक झालेल्या कातडीवर चालते आणि कोपरे जळतात. 6 मिमीचा पायलट (वाट करून देणारं पहिलं लहान भोक) 700 आरपीएमवर मारा आणि तिथून थेट 22 वर जा. मोठ्या ड्रिलच्या मधल्या बोथट भागाला वाट मिळाली की पायलटचं काम झालं. सेंटर ड्रिलही (सुरुवातीला मध्य धरून देणारं आखूड ड्रिल) टोचून तिथंच फिरत ठेवू नका.

खोल भोकात ड्रिल बाहेर काढून कीस साफ करावाच लागतो. पण परत आत नेल्यावर तळाला टेकवून वाट बघायची नाही, टेकताच फीड द्यायचं. कूलंटची धार सतत हवी, मधूनच ब्रशनं दोन थेंब देऊन भागत नाही. कीस निळा पडला तर एचएसएससाठी स्पीड जास्त आहे. लांब कीस हुकनंच ओढा, हातमोजे घालून तर मुळीच नको.

ड्रिल किंचाळायला लागलं की जोर लावू नका, बाहेर काढा. धार नवी करा, स्पीड उतरवा आणि पहिल्या क्षणापासून पुरेसं फीड द्या. तरीही धरत नसेल तर कडक थर कार्बाइडच्या बोअरिंग टूलनं काढा, किंवा आरपार भोक असेल तर जॉब उलटा बांधून दुसऱ्या बाजूनं या.

22 च्या भोकाला 25 साठी बाजूला दीड मिमी माल उरतो, तो 'फुकटचा' नाही. ड्रिल थोडं भरकटलेलं असतंच. बोअरिंग बार (टूल धरणारी दांडी) लेथच्या स्पिंडलच्या अक्षावर चालून भोक सरळ करतो, पण एका बाजूला माल जास्त असेल तर बार लवतो आणि तीच चूक थोडी पुढं नेतो. म्हणून आधी एक रफ कट, मग शेवटचे दोन कट सारख्या खोलीचे. शेवटाला 0.02 चा 'पुसून काढणारा' कट ठेवला तर टूल पुन्हा घासतं.

आणि मापाची घाई नको. 304 तापल्यावर चांगलंच फुगतं: जॉब 40 अंशांनी गरम असेल तर 25 च्या बोअरमध्ये सुमारे 17 मायक्रॉनचा फरक पडतो, आणि एच7 ची सगळी सूट 21 मायक्रॉन. गरम असताना प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) सुळकन गेला म्हणून जॉब चकमधून सोडला, तर चहा पिऊन येईपर्यंत तोच गेज तोंडाशी अडतो. फिनिश कटाआधीच जॉब थंड होऊ द्या.