बंद ॲम्प्लिफायरची पेटी आणि नवा चिप ॲम्प: आधी ट्रान्सफॉर्मर मोजा, मग आयसी घ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही चार घरं फिरलात तर एखाद्या माळ्यावर बंद पडलेला ॲम्प्लिफायर सापडतोच. भजनी मंडळाचा असतो, गल्लीतल्या गणपतीचा असतो, नाहीतर कुणी हौसेनं असेंबल करून घेतलेला स्टीरिओ असतो. घरात ब्लूटूथ स्पीकर आले, मिरवणुकीला डॉल्बी भाड्यानं आणायची पद्धत पडली आणि ही पेटी धूळ खात बसली. आयटीआयला किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला नुकतं नाव घातलेल्या पोरांना मी सांगतो, यातली एक पेटी मिळवा आणि तिच्यात नवा चिप ॲम्प, म्हणजे एकाच पॉवर आयसीवर (एका चिपमधल्या सर्किटवर) चालणारा ॲम्प्लिफायर, बसवा. भंगाराच्या भावात मिळते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्सला लागल्यावर रोजचं काम म्हणजे बंद मशीनचा सप्लाय आधी मोजायचा, पार्टच्या कंपनीनं दिलेला माहितीचा कागद, म्हणजे डेटाशीट, उघडायची आणि अंदाजानं पार्ट बदलायचा नाही. हे मी वर्गात कमी आणि असल्या पेटीवर जास्त शिकलो.

मूळ बोर्डच दुरुस्त का करू नये, असं विचाराल. जुन्या स्टीरिओत बहुधा एसटीके मालिकेतला आयसी असतो. त्यातले बरेचसे नंबर बनायचे कधीच थांबले आणि नवे म्हणून जे मिळतात त्यात नकली माल भरपूर. त्यापेक्षा बोर्ड काढून टाकावा आणि कॅबिनेट, ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक (आयसीची उष्णता ओढणारा धातूचा तुकडा), सॉकेट, नॉब एवढं ठेवावं. आज नव्यानं घ्यायला गेलात तर हेच महाग पडतं, आयसी नव्हे. जपानच्या ४७ लॅब्सनं १९९९ च्या सुमारास गेनकार्ड नावाचा ॲम्प्लिफायर काढला. आत चॅनलमागे एलएम३८७५ हा एकच पॉवर आयसी आणि बोटावर मोजण्याएवढे पार्ट होते. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक घरी चिप ॲम्प बनवत आले आहेत.

नवीन पोरं इथं उलटं करतात. व्हिडिओ बघून आधी आयसी मागवतात आणि मग तो पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरला जोडायला बसतात. आयसी कुठला घ्यायचा हे ट्रान्सफॉर्मर ठरवतो. सेकंडरीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटच्या, तारा बोर्डापासून सोडवा आणि मल्टीमीटर एसीवर ठेवून मोजा. मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना सारखं व्होल्टेज आलं तर तो सेंटर टॅप, आपल्या कामाचा. दोनच तारा असतील तर सिंगल सप्लाय होतो, म्हणजे प्लस-मायनस अशा दोन बाजू मिळत नाहीत. त्यावरही ॲम्प बनतो, पण पहिल्या कामाला तो नको.

समजा पेटीत १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर आहे. लोड नसताना एका बाजूला १९.५ व्होल्ट दाखवेल. एसीचं डीसी झाल्यावर किती होईल ते काढायला त्याला १.४१ नं गुणा, डायोडचा एक व्होल्ट वजा करा. साडेसव्वीस आले. म्हणजे प्लस आणि मायनस मिळून ५३ व्होल्ट. आता डेटाशीटमधल्या कमाल मर्यादा बघा. टीडीए२०३० ची ±१८ (म्हणजे प्लसला १८, मायनसला १८), टीडीए२०५० ची ±२५, एलएम१८७५ ची एकूण ६० आणि एलएम३८८६ ची सिग्नल असताना एकूण ८४. टीडीए२०५० इथं पहिल्याच स्विचला जाऊ शकतो. एलएम१८७५ कागदावर बसतो, पण आपल्याकडचं व्होल्टेज कागदावरचं नसतं. संध्याकाळी पंप चालू असले की दिवे मंद होतात आणि रात्री सगळं थंडावलं की २३० चं २५० सुद्धा होतं. त्या हिशेबानं ५३ चे ५७-५८ होतात आणि मर्यादा डोक्याला लागते. म्हणून सेकंडरी मोजताना भिंतीतलं व्होल्टेजही त्याच वेळी वहीत लिहा. भिंतीत मीटर लावताना तो एसीच्या वरच्या रेंजवर आहे ना, एवढं बघा. या ट्रान्सफॉर्मरला मी डोळे झाकून एलएम३८८६ घेईन. आठ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे साधारण तीस वॅट मिळतात आणि घराला ते पुरून उरतात. १२-०-१२ असेल तर टीडीए२०५० बरा. साधा टीडीए२०३० तिथंही काठावर येतो.

ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे की नाही हे मोजण्याआधी बघायचं. झाकण उघडून नाक जवळ न्या. जळक्या व्हार्निशचा वास आला तर तो गेला. मग सिरीज बल्ब, म्हणजे मेन्स आणि पेटी यांच्या मध्ये जोडलेला बल्ब. आमच्याकडच्या एका रिपेअरीवाल्या अण्णांच्या टेबलावर लाकडी फळीवर होल्डर ठोकलेला होता आणि त्यात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. आलेली प्रत्येक वस्तू आधी त्या बल्बमधून चालू व्हायची. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. एलईडी बल्ब इथं चालत नाही, तारेचाच लागतो. मी शेजारी उभा राहून बघायचो तेव्हा ते म्हणायचे, "घाई कशाला करूलैस? बल्ब सांगतोय की."

जुने फिल्टर कपॅसिटर फुगलेले नसले तरी बदला. ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे, प्रत्येक बाजूला एक. काढण्याआधी एक किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टरनं डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडायची सवय लावून घेऊ नका, दुकानात कितीही जण करत असले तरी.

सर्किट डेटाशीटमधलंच घ्या, त्यात अक्कल चालवू नका. दोन जागा मात्र जपा. एलएम३८८६ ची ८ नंबरची पिन म्यूटची आहे. ती मोकळी सोडली तर आयसी गप्प बसतो आणि पोरं तो मेला म्हणून फेकतात. त्या पिनेतून किमान अर्धा मिलिअँपिअर करंट ओढावा लागतो. ±२६ व्होल्टला तिथून मायनस सप्लायला २२ किलोओहम लावला की भागतं. दुसरं म्हणजे सप्लायचे ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आयसीच्या पायाशीच लावायचे, चार बोटं लांब नाही. गाणं नसतानाही आयसी तापत असेल तर तो ऑसिलेट होतोय, म्हणजे सिग्नल नसताना स्वतःच कंपनं काढतोय, आणि कारण बहुतेक वेळा हेच असतं.

साध्या एलएम३८८६टी ची धातूची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते. हीट सिंक कॅबिनेटला, कॅबिनेट अर्थला, म्हणजे थेट शॉर्ट. मायका (वीज अडवणारा अभ्रकाचा पातळ तुकडा), स्क्रूला प्लास्टिकचा बुश आणि उष्णता नेणारी पेस्ट लावून बसवा, मग मीटर कंटिन्युइटीवर ठेवून पाठ आणि हीट सिंक तपासा. बीप आला तर उघडा आणि पुन्हा बसवा. नावात टीएफ असलेला आयसी पाठीकडूनही प्लास्टिकचा असतो, त्याला मायका नको.

घूं असा आवाज हा ग्राउंडचा खेळ. दोन्ही फिल्टर कपॅसिटरच्या मध्यावरून एक तार काढून एक बिंदू करा आणि स्पीकरचा, बोर्डाचा, इनपुटचा ग्राउंड तिथं वेगवेगळा आणा. इनपुटला शील्डेड वायर, ट्रान्सफॉर्मरपासून लांबून. आपल्याकडे बऱ्याच जुन्या पेट्यांना टू-पिन वायर असते; ती काढून थ्री-पिन घाला, अर्थ कॅबिनेटला पक्का करा आणि फ्यूज विसरू नका.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर नको. सिरीज बल्बमधून द्या, प्लस-मायनस सारखे आहेत का बघा, मग आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असला तर एखादा टाकाऊ स्पीकर लावा. चांगले स्पीकर शेवटी आणि तेही बिघाड झाला की स्पीकर तोडणारं रिलेवालं प्रोटेक्शन बसवल्यावर, कारण आयसी गेला तर सगळा सप्लाय थेट कॉइलवर येतो.

आयसी खात्रीच्या दुकानातून घ्या. बेळगावात नाही मिळाला तर बेंगळूरचा एस. पी. रोड किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे, निपाणीकरांना कोल्हापूर जवळ. निम्म्या भावात एलएम३८८६ कुणी देत असेल तर तो घेऊ नका.

मुलाखतीत "काय केलंयस?" विचारतात तेव्हा प्रोजेक्टचं नाव सांगून भागत नाही. आयसी कसा निवडला, अमुकच का, एवढं हिशेबासकट सांगता आलं की पुढचे प्रश्न त्यावरच येतात. ती व्होल्टेजची वही सोबत न्या.

ॲम्प वाजायला लागला की भजनी मंडळवाले मागायला येतील. त्यांना दोन गोष्टी सांगा. याला माइक थेट जोडता येत नाही, मध्ये माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प किंवा मिक्सर लागतो. आणि चार ओहमचे दोन स्पीकर एकाच चॅनलला पॅरलल लावले की दोन ओहम होतात. मग आयसी स्वतःला वाचवायला आवाज तोडायला लागतो आणि ऐन अभंगात फटफट सुरू होते. स्पीकर आठ ओहमचे असतील तर खुशाल द्या.