टेक कंपनीवर सीसीआयची केस झाली तर ती मिटवायची कशी

सांगलीत विश्रामबागला आमच्या एका मित्राचं टीव्हीचं दुकान आहे. परवा चहा पिताना तो म्हणाला, गुगलची टीव्हीवाली केस 20 कोटीत मिटली म्हणे, म्हणजे पैसे भरले आणि धंदा तसाच चालू? मी म्हटलं तसं नसतंय, पैसे हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, समजा तुमचीच कंपनी आहे आणि दिल्लीहून स्पर्धा आयोगाचा म्हणजे सीसीआयचा कागद आलाय.

आधी आरोप कसला ते बघा. मार्केट यार्डात चार व्यापाऱ्यांनी हळदीचा भाव आधीच ठरवून सौद्याला यावं, तसला कार्टेलचा आरोप असेल तर तडजोडीचा हा रस्ता बंद, तिथं आधी जाऊन कबूल करणाऱ्याला दंडात सूट असते पण तो विषय वेगळा. बाजारातल्या ताकदीचा गैरवापर केला किंवा वितरक, उत्पादक यांच्यावर जाचक करार लादले असा आरोप असेल तरच तडजोड.

मग कॅलेंडर काढा. 2023 च्या दुरुस्तीने स्पर्धा कायद्यात तडजोडीची दोन दारं उघडली आणि मार्च 2024 मध्ये त्यांचे नियम आले. आयोगाने चौकशीचा आदेश दिला की 45 दिवसांत कमिटमेंटचा अर्ज, म्हणजे आम्ही वागणं बदलतो असं लिहून द्यायचं, यात दंडासारखी रक्कम नाही. ते दार चुकलं आणि महासंचालकांचा, म्हणजे आयोगासाठी चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, रिपोर्ट आला, तर रिपोर्ट मिळाल्यापासून 45 दिवसांत सेटलमेंटचा अर्ज, इथं मात्र पैसे मोजावे लागतात. बांधाच्या भांडणात वकील म्हणतो ना बघू पुढच्या तारखेला, ते इथं चालत नाही. माझं मत विचाराल तर आपण काय केलंय हे आपल्याला माहीत असतंच की, मग रिपोर्टची वाट कशाला बघायची, पहिल्याच दारातून जा.

आता खरं काम, प्रस्ताव लिहिणं. 'यापुढे कायदा पाळू' असलं मोघम लिहून काही होत नाही. गुगलचंच बघा. मित्राने दुकानातला एक टीव्ही चालू केला, स्क्रीनवर प्ले स्टोअर, यूट्यूब सगळं आधीच बसवलेलं. आक्षेप हाच होता की प्ले स्टोअर पाहिजे तर बाकीचा गठ्ठाही घ्या, आणि वर अँड्रॉइडचं, म्हणजे टीव्ही ज्यावर चालतो त्या गुगलच्या सॉफ्टवेअरचं, दुसऱ्या कुणी बदललेलं रूप वापरून टीव्ही काढायचा नाही. एप्रिल 2025 मध्ये केस मिटली ती या दोन्ही गाठी सोडून: भारतात प्ले स्टोअर आणि प्ले सर्व्हिसेस (ॲपना आतून लागणारं गुगलचं सॉफ्टवेअर) यांचं लायसन्स पैसे देऊन सुटं मिळणार, गुगलची ॲप नसलेला, अँड्रॉइडच्या दुसऱ्या रूपावरचा टीव्हीही टीव्ही कंपनी काढू शकणार, आणि हे सगळ्या पार्टनर कंपन्यांना पत्राने कळवायचं. रक्कम 20.24 कोटी, तीही 15 टक्के सूट धरून. थोडक्यात ज्या कलमावर बोट ठेवलंय तेच कलम काढायचं, शेजारचं नाही.

प्रस्तावावर तक्रारदार वगैरेंच्या हरकती मागवतात, तेव्हा थोडं वाढवून द्यायची तयारी ठेवा. आणि सहीच्या आधी दहादा वाचा, कारण आयोग तडजोड मंजूर करून जो आदेश देतो त्यावर अपील नाही, कोर्टात तडजोड पुरसीस दिल्यावर माणूस जसा अडकतो तसंच. शब्द मोडला तर आदेश रद्द, चौकशी पुन्हा सुरू होऊ शकते आणि आयोगाचा खर्च 1 कोटीपर्यंत तुमच्यावर.

खरी गंमत मिटल्यावर असते. मायक्रोसॉफ्टने 2009 मध्ये युरोपात कबूल केलं होतं की विंडोजमध्ये ब्राउझर निवडायची स्क्रीन दाखवू. पुढे विंडोज 7 चं एक अपडेट आलं आणि ती स्क्रीनच गायब, मे 2011 ते जुलै 2012 दीड कोटी लोकांना दिसलीच नाही, कंपनी म्हणाली तांत्रिक चूक झाली, आणि 2013 मध्ये दंड बसला 56.1 कोटी युरो. एका अपडेटपायी! म्हणून आदेशाची प्रत वकिलाच्या कपाटात ठेवू नका, अपडेट सोडणाऱ्या टीमच्या टेबलावर ठेवा, आणि प्रत्येक रिलीजच्या आधी ती वाचून सही करायला एक माणूस नेमा.