कोकणात जुनी, अनोळखी गाडी सापडली? या चुका टाळा

मुंबईत नोकरी केलेला माणूस निवृत्त होऊन गावी येतो, तेव्हा त्याची गाडीही सोबत येते. तो असेपर्यंत ती चालते. पुढे मुलं मुंबईत, घर गणपती-शिमग्यापुरतं उघडायचं आणि गाडी मांगरात (वाडीतल्या झोपडीवजा शेडमध्ये), झापांच्या (विणलेल्या नारळाच्या झावळ्यांच्या) आडोशाला. शहरात कधीच भंगारात गेलेली मॉडेलं दापोली, राजापूर, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात अजून उभी दिसतात ती यामुळेच. पण गाडी दिसल्यावर पहिल्या तासाभरात जे केलं जातं, त्यात बऱ्याचदा तिला चुकीचं नाव चिकटतं, नाहीतर तिचंच नुकसान होतं.

बिल्ला पाहून नाव ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक. गावात सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून मिस्त्री हाताशी असेल ते बसवतो. जाळी एका गाडीची, दिवे दुसरीचे, मागची अक्षरं तिसरीची. अशा वेळी जे सहसा कोणी बदलत नाही ते बघावं: दरवाजांच्या बिजागऱ्या, छताची रेषा, चॅसीवर म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर (तो वेगळा नसेल तर बॉडीवर) ठोकलेला नंबर.

फियाटचंच घ्या. १९५० च्या दशकातली ‘डुक्कर फियाट’ आणि नंतरची प्रीमियर पद्मिनी यांच्यात लोक सर्रास गोंधळ करतात. डुक्कर फियाटच्या पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात, त्यामुळे ते उलटे उघडतात, पद्मिनीचे नेहमीसारखे. पुढे पद्मिनीची जाळी लावलेली असली तरी बिजागरीकडे बघितलं की उत्तर मिळतं.

१९८५ मध्ये आलेल्या दोन गाड्यांच्या बाबतीत हमखास फसगत होते. प्रीमियर ११८ एनई ही बाहेरून फियाट १२४, पण आत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन. ‘रशियन लाडा’ म्हणून दाखवली जाणारी गाडी प्रत्यक्षात ही असू शकते, कारण लाडाचं मूळही फियाट १२४ मध्येच आहे. दुसरी मद्रासची स्टँडर्ड २०००. बॉडी ब्रिटिश रोव्हर एसडी१ ची, म्हणून विकणारा ती इंपोर्टेड रोव्हर असल्याचं सांगतो. बोनेट उघडा. आत ‘स्टँडर्ड व्हॅनगार्ड’ या जुन्या गाडीच्या घराण्यातलं दोन लिटरचं जुन्या धाटणीचं इंजिन असेल तर गाडी भारतीय आहे. माझ्या मते त्यामुळे ती कमी मोलाची ठरत नाही, उलट जास्तच. रोव्हर जगात पुष्कळ झाल्या, स्टँडर्ड २००० अगदी थोड्या बनल्या.

जीपबद्दल तर विचारूच नका. प्रत्येक जुनी जीप ‘दुसऱ्या महायुद्धातली विलीज’ असते! पुढच्या जाळीतल्या फटी मोजा. युद्धकाळातल्या विलीज एमबीला नऊ, नंतरच्या नागरी सीजे मॉडेलांना सात. सात फटी आणि बोनेट उंच, चौकोनी असेल तर ती बहुधा महिंद्राची सीजे३बी. तिचं इंजिन उंच असल्यामुळे बोनेटही वर न्यावं लागलं. त्याहून मोठी, रुंद, लष्करी लिलावातून आलेली गाडी दिसली तर ती जबलपूरला बनलेली जोंगा आहे का तेही बघा. तिचं मूळ ‘निस्सान पॅट्रोल’ या गाडीत आहे.

नंबरवरून वय काढणं

एमएच ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. ही पद्धत १९८९ च्या सुमाराची. पण साठच्या दशकातली गाडी पुन्हा नोंदवली असेल तर तिच्यावरही एमएच ०८ दिसेल. नंबरावरून नोंदणी कळते, जन्म नाही. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे न ओळखता येणारी युरोपियन गाडी दिसली तर जुन्या कागदांवर जीडीए किंवा जीडीकेसारखी गोव्याची अक्षरं शोधा. १९६१ पूर्वी पोर्तुगिजांच्या गोव्यात युरोपातून थेट गाड्या येत असत.

चुंबकाचा निकाल अंतिम मानणं

रंगाखाली पत्र्यावर लांबी (खड्डे भरायची पुटी) किती भरली आहे ते चुंबकाने कळतं, हे खरं. पण बंगळुरूच्या सिपानी कंपनीची डॉल्फिन (१९८२, मूळ ब्रिटिश रिलायंट किटन) फायबरची आहे. तिला चुंबक कुठेच लागणार नाही, आणि ‘सगळी लांबीच आहे’ म्हणून ती भंगारवाल्याकडे जाईल. फायबर गंजत नाही, त्याखालची लोखंडी चॅसी मात्र गंजते. म्हणून डॉल्फिन तपासायची ती खाली वाकून.

लगेच सेल्फ मारणं

उत्साहात नवी बॅटरी लावून सेल्फ मारला जातो आणि वाचलं असतं ते इंजिन तिथेच बिघडतं. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसलेल्या असतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडा, एक-दोन दिवस थांबा, मग इंजिन हाताने फिरवून बघा. अडकलं तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडून थांबा. फिरलं तरी जुनं पेट्रोल वापरू नका. ते टाकीत चिकट झालेलं असतं आणि गंजासकट कार्ब्युरेटरमध्ये जातं. सुरुवातीला बाहेरच्या डब्यातून स्वच्छ पेट्रोल द्या. वायरिंग उंदरांनी कुरतडलं आहे का ते बॅटरी जोडण्याआधी बघा. आणि बोनेटमध्ये किंवा सीटखाली हात घालण्याआधी काठीने ठोका. बंद मांगरातल्या गाडीत साप असणं कोकणात अजिबात नवल नाही.

जॅक लावण्याआधी दरवाजाखालचा पत्रा आणि जॅकची जागा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. फियाटला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. तो पत्रा आतून खाल्लेला असेल तर जॅक थेट आत घुसतो. दोरी बांधून टोचन करणंही टाळा. ब्रेक जाम असतात, स्प्रिंगचे पाटे गंजलेले असतात. सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

आधी भाव, मग कागद

खळ्यात पाऊल टाकताच ‘काका, विकणार काय?’ असं विचारू नका. ही गाडी कोणी आणली, कुठे कुठे गेली, कुठे दुरुस्त व्हायची, ते आधी विचारा. त्यातूनच मूळ मिस्त्रीचा पत्ता लागतो, आणि कधी कधी माळ्यावर ठेवलेलं मॅन्युअल किंवा काढून ठेवलेला मूळ भागही हाती येतो.

आरसी बहुतेकदा वारलेल्या माणसाच्या नावावर असते आणि घरात हिस्सेदार अनेक. एकाला पैसे देऊन गाडी उचललीत तर ती तुमच्या नावावर होणार नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करून घ्या, इतरांची लेखी संमती घ्या, मग फॉर्म २९ आणि ३० वर विक्री.

‘व्हिंटेज आहे’ म्हणून भाव वाढवला जातो, तेव्हा पहिल्या नोंदणीची तारीख बघा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राहिलेली गाडीच व्हिंटेज. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, पण रोजच्या वापराला ती चालवता येत नाही. १९८५ ची स्टँडर्ड २००० या व्याख्येत बसायला २०३५ उजाडेल. तोपर्यंत तिला दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी करून नोंदणी वाढवावीच लागेल, आणि हा खर्च सौदा ठरवतानाच धरायचा.