गुलमर्गला स्कीइंगसाठी मुक्काम कुठे करावा

खानापूर-बेळगावकडची पोरं हल्ली बर्फात जायचं म्हणून मला विचारायला येतात. माझं ठाम सांगणं, मुक्काम वर गुलमर्गमध्येच करा. खाली तंगमर्गला खोली स्वस्त मिळेल, पण मधे १३ किलोमीटरचा घाट आहे. जोराचा बर्फ पडला की चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच चढतात आणि सकाळ वाटेतच जाते. नवशिक्यांनी गोंडोला म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेजवळच्या खोलीसाठी जादा पैसे मोजू नयेत. त्यांचे सौम्य उतार गावालगतच आहेत.

आपल्या बेळगावच्या थंडीवरून अंदाज बांधू नका बाबांनो, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे! बुकिंगआधी फोन करून विचारा: खोलीत बुखारी (खोली गरम ठेवणारी लाकूड-कोळशाची शेगडी) आहे की इलेक्ट्रिक ब्लँकेट? वीज गेली तर जनरेटर रात्रभर चालतो का? ओले बूट वाळवायला जागा आहे का? बुखारी असेल तर झोपताना ती विझवा. बंद खोलीत तिचा धूर जिवावर बेततो.