देशी शेळी आणि प्रायॉनचा प्रतिकार: या चुका टाळा

“गावरान शेळी आहे, तिला काही होत नाही.” हे वाक्य मुंबईत देवनारच्या बकरा बाजारात दलालाच्या तोंडून आलं तर सोडून देता येतं, त्याला माल खपवायचा असतो. पण तेच वाक्य नीटनेटके कपडे घालून पदव्युत्तर प्रबंधाच्या आराखड्यात येतं: “देशी जातींमध्ये स्क्रेपीविरुद्ध जनुकीय प्रतिकार आढळतो.” आढळतो म्हणजे कुठल्या शेळीत? जनुकाच्या कुठल्या जागी? किती नमुन्यांत? मुंबईत पशुवैद्यक शिकणाऱ्यांच्या आणि शहापूर-मुरबाडकडे शेळीपालन करणाऱ्यांच्या बोलण्यात ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे घेतो.

आधी थोडक्यात पाया. स्क्रेपी हा मेंढ्या-शेळ्यांच्या मेंदूचा रोग. जंतू नाही, विषाणू नाही. शरीरातलंच एक प्रथिन चुकीच्या घडीत जातं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये त्याला ‘प्रायॉन’ नाव दिलं, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे प्रथिन बनवण्याची कृती पीआरएनपी या जनुकात असते. शेळीत ते २५६ अमिनो आम्लांचं. त्यातल्या काही जागी एकच अमिनो आम्ल बदललं, तर घडी बिघडवण्याचा हा उद्योग अडखळतो. ‘जनुकीय प्रतिकार’ म्हणतात तो एवढाच.

रोग दिसला नाही म्हणून प्रतिकार आहे असं धरणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात. स्क्रेपीची लक्षणं साधारण २ ते ५ वर्षांच्या जनावरात दिसू लागतात. देवनारला येणारा बोकड बहुधा त्याआधीच कापला जातो. लक्षणं दिसायला जनावराला वयच मिळालं नाही, तर “आमच्याकडे कधी पाहिलं नाही” या साक्षीला किती किंमत द्यायची? शिवाय निदान मेंदूच्या देठाचा, ऑबेक्स या भागाचा, तुकडा तपासून होतं. मेलेल्या शेळीची कवटी आपल्याकडे कोण उघडतं?

आणि भारतात हा रोग कधी आलाच नाही, हेही खरं नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांमध्ये स्क्रेपी आढळल्याची नोंद १९६१ सालीच प्रसिद्ध झाली आहे. रोग नसणं, रोगाशी गाठच न पडणं आणि गाठ पडूनही न होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिकार फक्त तिसरीला म्हणायचं.

मेंढीचा तक्ता शेळीला लावणं

मेंढीत १३६, १५४ आणि १७१ या तीन जागा पाहतात. या तीन जागच्या अमिनो आम्लांची अक्षरं जोडून नाव पडतं: एआरआर असेल तर उत्तम, व्हीआरक्यू असेल तर धोका. हा तक्ता कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतो आणि तिथूनच तो शेळीच्या प्रस्तावात उतरवला जातो. शेळ्या या तीन जागी बहुतेक सगळ्या एआरक्यूच निघतात. मग निष्कर्ष येतो, “विविधता आढळली नाही.” आढळणार कशी? पाहिलं चुकीच्या ठिकाणी.

शेळीसाठी मुख्य जागा दोन. १४६ वर ॲस्परॅजिनऐवजी सेरिन किंवा ॲस्पार्टिक आम्ल, म्हणजे एस१४६ आणि डी१४६. २२२ वर ग्लुटामिनऐवजी लायसिन, म्हणजे के२२२. सायप्रसच्या शेळ्यांमध्ये १४६ चं महत्त्व पुढे आलं, इटली, ग्रीस, फ्रान्समध्ये २२२ चं. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये या तिन्ही ॲलीलचा (जनुकाच्या पर्यायी रूपांचा) पुरावा भक्कम मानला. २०२० मध्ये युरोपीय संघाने नियम बदलले आणि बाधित कळपातली यांपैकी एक ॲलील असलेली शेळी सरसकट कत्तलीतून वगळण्याची मुभा दिली. १२७, १४२, १५४ आणि २११ या जागाही वाचाव्यात, पण तिथला प्रतिकार अर्धामुर्धा आहे. २४० वर सेरिन आणि प्रोलिन दोन्ही सर्रास सापडतात. त्यावरून प्रतिकाराची गोष्ट रचू नये.

क्रमांकांचाही घोळ होतो. माणसाच्या प्रथिनात या भागातले क्रमांक तीनने मागे असतात, त्यामुळे शेळीची २२२ ही माणसाची २१९. (गंमत म्हणजे माणसात त्याच जागी लायसिन आला तर तुरळक होणाऱ्या क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगापासून संरक्षण मिळतं, हे जपानी लोकांच्या अभ्यासातून दिसलं.) गायीच्या प्रथिनात एका तुकड्याची पुनरावृत्ती एकदा जास्त, म्हणून तिथे गणित आणखी वेगळं. संदर्भ-अनुक्रम शेळीचाच घ्या आणि अहवालात तसं लिहा.

वीस शेळ्यांवर जातीचा निकाल

“२० उस्मानाबादी शेळ्या तपासल्या, के२२२ सापडली नाही, म्हणजे जातीत नाही.” हिशेब करून बघा. २० शेळ्या म्हणजे जनुकाच्या ४० प्रती. समजा ॲलील जातीत १ टक्का आहे. ती ४० प्रतींत एकदाही न येण्याची शक्यता ०.९९ चा ४० वा घात, म्हणजे जवळपास ६७ टक्के. तीनपैकी दोन वेळा तुम्ही ‘नाही’ म्हणाल आणि ती असेल. हीच शक्यता ५ टक्क्यांखाली आणायची तर साधारण १५० शेळ्या लागतात. ॲलील ५ टक्के असेल तर ३० पुरतात. नकारात्मक निकाल लिहिताना “१ टक्क्यापेक्षा जास्त प्रमाणात असण्याची शक्यता कमी” असं लिहिता येतं. “नाही” असं लिहिता येत नाही.

हा हिशेबही शेळ्या एकमेकींच्या नात्यातल्या नसतील तरच खरा. एकाच गोठ्यातल्या ३० शेळ्या, बाप एकच बोकड, म्हणजे तीस नमुने नव्हेत. बकरी ईदच्या आधी देवनारला नमुने गोळा करायचा मोह मुंबईकराला होणं साहजिक आहे. सिरोही, सोजत, बारबेरी, जमनापारी, सगळं एका आवारात मिळतं. पण तिथे जात म्हणजे व्यापाऱ्याने सांगितलेली जात. लांब कान आणि पांढरा रंग दिसला की भाव वाढतो आणि नावही बदलतं. उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी किंवा कोकण कन्याळबद्दल बोलायचं तर त्या-त्या मुलखात जाऊन, गावागणिक दोन-तीन शेळ्या, असेच नमुने घ्यावे लागतात. देवनारचे नमुने “बाजारात आलेल्या शेळ्या” या नावाखाली मांडले तर काहीच हरकत नाही.

रक्त ईडीटीएच्या नळीत घ्या. हेपॅरिन पीसीआर (डीएनएचा हवा तो तुकडा वाढवण्याची प्रक्रिया) अडवतं. उपनगरी गाडीने नमुने नेताना बर्फाचा डबा हवा, हे वेगळं सांगायला नको.

आलेख वाचताना होणाऱ्या चुका

पीआरएनपी प्रयोगशाळेसाठी सोपं जनुक आहे. प्रथिनाची सगळी कृती एकाच एक्झॉनमध्ये (जनुकाच्या एका सलग तुकड्यात), डीएनएच्या ७७१ अक्षरांत बसते. एक पीसीआर, दोन्ही बाजूंनी सँगर पद्धतीचं वाचन, म्हणजे प्रत्येक अक्षराचं शिखर दाखवणारा आलेख, काम झालं. तरीही गडबड होते, आणि ती बहुतेक वेळा सॉफ्टवेअरवर डोळे मिटून विश्वास ठेवल्याने.

प्रतिकारक ॲलील साधारणतः एकाच प्रतीत असते, म्हणून त्या अक्षरावर दोन शिखरं एकावर एक येतात. सॉफ्टवेअर उंच शिखर उचलतं, दुसरं गाळतं, आणि संकरयुग्मी (दोन प्रती वेगवेगळ्या असलेली) शेळी ‘सामान्य’ ठरते. ६६४ व्या अक्षरावर (२२२ ची जागा) सी आणि ए दोन्ही आहेत का, ४३६ आणि ४३७ वर (१४६ ची जागा) ए-जी अशी जोडी आहे का, हे आलेखावर डोळ्यांनी पाहा.

४३६ आणि ४३७ दोन्हीकडे जोडशिखरं दिसली तर मात्र घाई करू नका. एका प्रतीत एस१४६ आणि दुसऱ्या प्रतीत डी१४६ असेल तर आलेख असाच दिसतो. एक प्रत सामान्य आणि दुसरीत ग्लायसिन असेल तरीही अगदी असाच दिसतो. निव्वळ आलेखावरून हे दोन वेगळे करता येत नाहीत. दोन प्रती क्लोनिंगने किंवा ॲलील-विशिष्ट पीसीआरने सुट्या कराव्या लागतात. पहिल्या अर्थाने ती शेळी सोन्यासारखी, दुसऱ्या अर्थाने तसं काहीच म्हणता येत नाही.

तिसरा प्रकार: वाचन सुरुवातीला स्वच्छ आणि मग एका ठिकाणापासून पुढे नुसता गोंधळ. विद्यार्थी “नमुना खराब” म्हणून टाकून देतात. शेळीच्या प्रथिनात आठ-आठ अमिनो आम्लांच्या पाच पुनरावृत्ती असतात. काही शेळ्यांत एका प्रतीत तीनच असतात. मग एक प्रत ४८ अक्षरांनी आखूड पडते आणि तिथून पुढे दोन प्रती एकमेकींवर घसरतात. जेलवर जवळजवळ दोन पट्ट्या दिसल्या तर हेच. उलट्या बाजूने वाचा: १४६ आणि २२२ दोन्ही पुनरावृत्तींच्या पलीकडे असल्यामुळे तिकडून स्वच्छ मिळतात.

एका प्रकाराचा प्रतिकार म्हणजे सगळ्यांचा नव्हे

वर जे सांगितलं ते पारंपरिक स्क्रेपीबद्दल. १९९८ मध्ये नॉर्वेत सापडलेला अ-पारंपरिक प्रकार, नॉर९८, वेगळ्या वाटेने चालतो. १५४ वरचा हिस्टिडिन पारंपरिक प्रकाराला थोडाफार अडवतो, पण या प्रकाराचा धोका मात्र वाढवतो. गायींचा बीएसई (‘मॅड काऊ’ रोग) शेळीला होऊ शकतो, हे २००५ मध्ये फ्रान्समधल्या एका शेळीत सिद्ध झालं. म्हणून “प्रायॉन-प्रतिरोधक जात” हा शब्दप्रयोग मला मुळातच पटत नाही. शेळी, ॲलील, प्रकार, तिन्हींची नावं घ्या. नॉर्वेच्याच दुधाळ शेळ्यांमध्ये अशीही काही आहेत की ३२ व्या जागी कृतीच थांबते आणि प्रथिन बनतच नाही. खरा अपवाद तेवढाच.

प्रतिकारक बोकडामागे धावणं

बोअर या परदेशी जातीत एस१४६ बऱ्यापैकी दिसते, म्हणून “बोअर रक्त घाला, प्रतिकार येईल” असा सल्ला फिरतो. ज्या बोकडाची तपासणी झाली नाही, त्याच्या जातीवरून काहीच कळत नाही. संकरित पिल्लात तर ॲलील उतरण्याची शक्यता बापाच्या एका प्रतीपुरती निम्मीच. आणि सापडलेल्या दोन-तीन बोकडांवर सगळा कळप लादला तर जुळी देणं, कमी चाऱ्यावर तग धरणं हे उस्मानाबादीचे गुण नात्यातल्या पैदाशीत झिजतात. भारतात आज रोजच्या व्यवहारात स्क्रेपी हा पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य साथरोग) किंवा जंतांइतका प्रश्न नाही. ॲलील जपून ठेवा, तिच्यासाठी बाकीचं विकू नका.

भिंतीला अंग घासणारी शेळी

स्क्रेपीत जनावर अंग घासतं, एवढं वाचलेला माणूस खाजवणारी शेळी पाहून घाबरतो. आधी खरूज आणि उवा बघा. झोकांड्या खाणाऱ्या शेळीत लिस्टेरिया, मेंदूतला फोड, गाभणपणातला विषबाधेसारखा आजार यांचा विचार होतो, आणि आपल्याकडे सगळ्यांच्या आधी रेबीजचा. वागणूक बदललेल्या, लाळ गाळणाऱ्या शेळीच्या तोंडात औषध देण्यासाठी हात घालू नका. मेली तर स्वतः कवटी फोडू नका, पशुवैद्यकांना कळवा. नमुना घेणाऱ्यांनी ऑबेक्सचा एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि एक भाग न बुडवता थंड ठेवावा. फॉर्मलिनने प्रायॉन मरत नाही, त्यामुळे त्या बाटलीला निर्धोक समजू नये.